सल्ला हवा: ‘मेट्रिक’ या कॅनेडियन रॉक बँडची वाटचाल दीड तासात कशी ऐकवावी?

मंद्रसप्तक

नमस्कार. मिसिसागा येथे आम्ही काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र बसून संगीत ऐकतो. आजवरच्या बैठका प्रामुख्याने ख्यालगायन, नाट्यसंगीत आणि भावगीते यांच्याच झाल्या. आमच्यापैकी अनेकांची मुले मात्र ऑन्टारिओतच लहानाची मोठी झाली आहेत, आणि त्यांच्या कानांवर ज्या संगीताचे संस्कार झाले त्याविषयी आम्हा आईवडिलांना फारच थोडे ठाऊक आहे. ही उणीव भरून काढावी म्हणून पुढची बैठक येथील एखाद्या रॉक बँडवर घ्यायचे ठरले आणि मुलांनी एकमताने ‘मेट्रिक’चे नाव सुचवले. बैठकीची सूत्रे माझ्याकडे आहेत.

मला इतकेच माहीत आहे की या बँडचे टोरांटोशी जुने नाते आहे, एमिली हेन्स त्याच्या गायिका आहेत आणि २००९ साली त्यांनी कोणत्याही बड्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयाशिवाय अल्बम काढून मोठे यश मिळवले. हे यश कसे घडले ते मला श्रोत्यांसमोर मांडायचे आहे. नुसती गाजलेली गाणी एकापाठोपाठ वाजवण्याचा कार्यक्रम मला करायचा नाही. हाताशी दीड तास आहे. सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी, कोणती गाणी निवडावीत आणि मधल्या निवेदनात काय सांगावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. श्रोत्यांमध्ये सत्तरी ओलांडलेली आणि इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाची सवय नसलेली मंडळीही असतील, हे कृपया ध्यानात घ्यावे.

तबकडी

मंद्रसप्तक, तुमचा विचार मला फार आवडला. सुरुवात २००९ च्या ‘फँटसीज’पासूनच करा आणि तेथून मागे जा, असे माझे ठाम मत आहे. कालक्रमाने गेलात तर पहिला अर्धा तास शहरांची आणि सदस्यांची नावे सांगण्यातच संपेल, आणि ज्या अल्बमसाठी हा खटाटोप आहे त्याच्यापर्यंत पोहोचेतो श्रोते थकलेले असतील.

‘फँटसीज’मधले पहिले गाणे ‘हेल्प, आय अ‍ॅम अलाइव्ह’ हे बैठकीचेही पहिले गाणे असावे. ते एका दबक्या ठेक्याने सुरू होते, गायिकेचा आवाज जवळजवळ पुटपुटल्यासारखा येतो, भीतीने धडधडणाऱ्या हृदयाचा उल्लेख होतो आणि मग ध्रुवपदाशी सगळा अवकाश मोकळा होतो. रंगमंचावर उभे राहण्याची धास्ती हा त्याचा विषय असल्यामुळे ज्यांनी कधी चार लोकांसमोर तंबोरा लावून गाणे म्हटले आहे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. या गाण्याचे अल्बमच्या आधी, २००८ च्या अखेरीस प्रकाशित होणे आणि नभोवाणीवर रुजणे ही पुढच्या यशाची पहिली पायरी होती.

ते संपल्यावर निवेदनात मागे जावे. एमिली हेन्स आणि बँडचे गिटारवादक जेम्स शॉ यांची भेट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात टोरांटोत झाली. शॉ हे न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संस्थेत शिकलेले आहेत, आणि बँडच्या गाण्यांत वाद्यांची जी काटेकोर मांडणी दिसते तिच्यामागे ही तालीम आहे असे मला नेहमी वाटते. आरंभी दोघांच्या जोडीचे नाव ‘मेनस्ट्रीम’ होते, त्यानंतर ‘मेट्रिक’ झाले. दोघे ब्रुकलिनमध्ये राहिले, लंडनमध्ये राहिले, आणि २००१ च्या सुमारास बास वाजवणारे जोशुआ विन्स्टेड आणि ड्रम वाजवणारे ज्यूल्स स्कॉट-की हे दोघे अमेरिकन वादक त्यांना मिळाले. तेव्हापासून हेच चौघे एकत्र आहेत. इतक्या वर्षांत एकही सदस्य बदलला नाही, ही रॉक बँडच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे आणि ती श्रोत्यांना अवश्य सांगावी.

या कथेचे बीज मात्र २००१ सालच्या एका अडकून पडलेल्या अल्बममध्ये आहे. ‘ग्रो अप अँड ब्लो अवे’ या नावाने त्यांचा पहिला पूर्ण अल्बम ‘रेस्टलेस रेकॉर्ड्स’ या कंपनीसाठी तयार झाला होता. दरम्यान ती कंपनीच ‘रायकोडिस्क’कडे गेली आणि अल्बमचे प्रकाशन थांबले. गाणी लिहून, वाजवून, मुद्रित करून तयार. पण ती लोकांसमोर आणण्याचा अधिकार ज्यांनी ती घडवली त्यांच्याकडे नाही, अशा अवस्थेत ते काम वर्षानुवर्षे पडून राहिले. शेवटी टोरांटोच्या ‘लास्ट गँग’ या कंपनीने त्याचे हक्क मिळवले आणि काही फेरफार करून २००७ मध्ये तो प्रकाशित केला, तेव्हा बँडचा ध्वनी पूर्णपणे पालटलेला होता. तरुणपणीचा हा धक्का लक्षात घेतला की २००९ चा निर्णय आपोआप उलगडतो. म्हणून दुसरे गाणे या अडकलेल्या अल्बममधलेच, त्याचे शीर्षकगीत, वाजवावे. ते मंद, इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आधाराने चालणारे आहे आणि तुमच्या ज्येष्ठ श्रोत्यांच्या कानांना ते मुळीच बोचणार नाही.

उत्तरवारा

तबकडी यांनी सांगितलेली हकिकत योग्य आहे, पण गाण्यांच्या निवडीबाबत माझा मतभेद आहे. ‘फँटसीज’ हा घासूनपुसून तयार झालेला अल्बम आहे. ज्या बँडने आपला श्रोतृवर्ग एकेका गावात, एकेका छोट्या क्लबमध्ये वाजवून जोडला त्याचे खरे रूप २००३ च्या ‘ओल्ड वर्ल्ड अंडरग्राउंड, व्हेअर आर यू नाऊ?’ आणि २००५ च्या ‘लिव्ह इट आउट’ या दोन अल्बममध्ये दिसते. ‘डेड डिस्को’ ऐकवा. फ्रेंच दिग्दर्शक ऑलिव्हिए असायास यांच्या २००४ च्या ‘क्लीन’ या चित्रपटात बँडने स्वतःच्याच भूमिकेत रंगमंचावर हे गाणे सादर केले आहे. ते दृश्य दाखवता आले तर उत्तमच. त्यातली हेन्स यांची हालचाल आणि की-बोर्डवरची पकड पाहिली की हा बँड डोळ्यांनीही ऐकावा लागतो हे पटते.

जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवण्याची संधी त्यांना मिळाली, ती याच दोन अल्बमच्या बळावर. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॅनडातील पोलारिस संगीत पुरस्काराच्या पहिल्या अंतिम यादीत ‘लिव्ह इट आउट’ होता. २००९ चे यश आकाशातून पडलेले नाही. त्यामागे सहा-सात वर्षांचे दौरे आहेत, आणि ती वर्षे बैठकीत केवळ एका वाक्यात उरकली तर चित्र अपुरे राहील.

तबकडी

हे मान्य. ‘डेड डिस्को’ अवश्य घ्यावे. रोलिंग स्टोन्सच्या उल्लेखावरून एक जुळणी सुचते. ‘फँटसीज’मधील ‘गिमी सिंपथी’ या गाण्यात बीटल्स की रोलिंग स्टोन्स, असा प्रश्न आहे, आणि ही दोन नावे तुमच्या सत्तरीतल्या श्रोत्यांनी त्यांच्या महाविद्यालयीन दिवसांत नक्की ऐकलेली असतील. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा प्रसंग सांगून लगेच हे गाणे लावले तर २००६ आणि २००९ यांच्यामधला पूल श्रोत्यांना आपसूक मिळेल.

हिशेबनीस

मंद्रसप्तक, तुम्हाला ‘यश कसे घडले’ हे सांगायचे आहे, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. ती समजली नाही तर स्वतंत्र बँड म्हणजे बंडखोर वृत्तीची मंडळी एवढाच अर्थ श्रोते काढतील, आणि तो मेट्रिकच्या बाबतीत फार तोकडा आहे.

कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यात दोन निराळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. रूढ करारात कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते, मुद्रणाचा आणि प्रसिद्धीचा खर्च उचलते आणि त्या बदल्यात मास्टरची मालकी स्वतःकडे घेते. कलावंताच्या वाट्याला विक्रीतील जो थोडा हिस्सा येतो त्यातून आधी ती आगाऊ रक्कम वसूल होते, आणि ती फिटेपर्यंत त्याच्या हाती नवीन काही पडत नाही. अल्बम बऱ्यापैकी विकला गेला तरी बँडवर कंपनीची बाकी उरू शकते, आणि ती सर्व बाकी फिटल्यानंतरही मास्टर कंपनीचाच राहतो. घराचे सगळे हप्ते भरून झाल्यावरही खरेदीखत सावकाराच्याच नावे असावे, असा हा प्रकार आहे.

‘फँटसीज’च्या वेळी मेट्रिकने हा क्रम उलटा केला. त्यांनी ‘मेट्रिक म्युझिक इंटरनॅशनल’ ही स्वतःची कंपनी उभी केली आणि मास्टर तिच्या नावे ठेवले. अमेरिकेत अल्बम स्वतःच प्रकाशित केला, कॅनडात ‘लास्ट गँग’ची साथ कायम ठेवली, इतर प्रदेशांत त्या त्या ठिकाणच्या भागीदारांशी वेगवेगळे करार केले. भागीदाराला अल्बम विकण्याचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही, आणि त्यामुळे एका देशातला व्यवहार फसला तरी बाकीच्या देशांतले काम थांबत नाही. २००१ मध्ये एका कंपनीच्या हस्तांतरामुळे जे घडले ते पुन्हा घडण्याची वाटच त्यांनी बंद केली.

याची किंमतही मोजावी लागते, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुद्रणाचा खर्च, नभोवाणी केंद्रांकडे गाणे पोहोचवणारी माणसे, प्रसिद्धी, छपाई, दौऱ्याची व्यवस्था हे सारे आधी स्वतःच्या खिशातून किंवा स्वतःच्या जबाबदारीवर उभे करावे लागते. मेट्रिकला हे झेपले याचे एक कारण उत्तरवारा यांनी सांगितलेच आहे: तोवर त्यांचा श्रोतृवर्ग तयार होता आणि तिकिटे विकली जात होती. दुसरे कारण काळाचे आहे. २००९ पर्यंत आयट्यून्ससारख्या दुकानांतून गाणे थेट विकता येऊ लागले होते, स्वतःच्या संकेतस्थळावरून चाहत्यांपर्यंत पोहोचता येत होते, आणि अल्बम गावोगावच्या दुकानांत पोहोचवण्याची जी यंत्रणा केवळ बड्या कंपन्यांकडे होती तिच्यावाचून अडून राहण्याचे दिवस सरत आले होते. दहा वर्षे आधी हाच निर्णय घेतला असता तर तो कदाचित आत्मघातकी ठरला असता.

तिसरी गोष्ट चित्रपटांची. एखादे गाणे चित्रपटात किंवा मालिकेत वापरायचे तर रचनेच्या आणि मास्टरच्या, अशा दोन्ही मालकांची परवानगी लागते. दोन्ही हक्क बँडच्याच बाजूला असले तर होकार लवकर मिळतो आणि मोबदल्याचा मोठा वाटा थेट बँडकडे येतो. २०१० च्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील ‘एक्लिप्स’ या चित्रपटासाठी त्यांनी चित्रपट-संगीतकार हॉवर्ड शोर यांच्यासोबत गाणे केले, आणि पुढे २०१२ मध्ये डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या ‘कॉस्मोपोलिस’च्या संगीतात पुन्हा शोर यांच्याबरोबर काम केले. शोर हेही टोरांटोचेच. या वाटेने बँडचा आवाज अशा लाखो लोकांपर्यंत गेला ज्यांनी कधी रॉकची मैफल पाहिलेली नव्हती.

नीलमोहर

मालकी आणि करार यांचे विवेचन वाचून पुष्कळ समजले. मला गायिकेविषयी थोडे लिहायचे आहे, कारण तुमच्या ज्येष्ठ श्रोत्यांना बँडशी जोडणारा धागा तेथेच आहे.

एमिली हेन्स यांचा जन्म १९७४ साली नवी दिल्लीत झाला. त्यांचे वडील पॉल हेन्स हे कवी होते. जाझ संगीतरचनाकार कार्ला ब्ले यांच्या १९७१ च्या ‘एस्कलेटर ओव्हर द हिल’ या भव्य कृतीचे शब्द त्यांचेच आहेत. एमिली लहान असतानाच कुटुंब ऑन्टारिओतील फेनेलॉन फॉल्स या छोट्या गावी स्थायिक झाले. वडील मुलीसाठी दुर्मीळ आणि विलक्षण संगीताच्या कॅसेट स्वतः तयार करून देत असत. मुलीच्या कानांची अशी निगा राखणारा बाप आपल्याकडच्या गाण्याबजावण्याच्या घरांत अनेकांनी पाहिला असेल; येथे त्याच जिव्हाळ्याने रॉक संगीतातली एक अत्यंत सजग गीतकार घडली. हेन्स यांच्या शब्दांतली तुटक, अनपेक्षित वळणे मला त्या घराचीच देणगी वाटते.

वडिलांचे निधन २००३ च्या आरंभी झाले. २००६ मध्ये एमिली यांनी ‘द सॉफ्ट स्केलेटन’ या नावाच्या साथीदारांसह ‘नाइव्ह्ज डोन्ट हॅव युअर बॅक’ हा अल्बम काढला. त्यात पियानो आणि आवाज यांनाच प्राधान्य आहे. गिटारच्या आवाजाने बिचकणाऱ्या श्रोत्यांना यातले एक गाणे ऐकवावे आणि त्यानंतर लगेच बँडचे एखादे जोरकस गाणे लावावे, म्हणजे तोच आवाज दोन ठिकाणी कसा वागतो हे कळेल. शिवाय २००९ मध्येच ‘प्लग इन प्लग आउट’ या नावाने ‘फँटसीज’मधील काही गाण्यांची अकूस्टिक रूपे प्रकाशित झाली आहेत. चाल आणि शब्द यांवर लक्ष देणाऱ्या कानांसाठी ती उत्तम आहेत. उत्तरवारा यांना हे सौम्य वाटेल, पण ‘गिमी सिंपथी’ तुम्ही याच रूपात ऐकवावे असा माझा आग्रह राहील.

मंद्रसप्तक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नवी दिल्लीचा उल्लेख तर मला संपूर्ण नवा होता.

हिशेबनीस यांच्या विवेचनावरून एक शंका उद्भवली. येथील मुलांपैकी एकाने सांगितले की कॅनडात नभोवाणीवर देशी संगीत वाजवण्याची सक्ती आहे आणि सरकारी साहाय्यही मिळते. तसे असेल तर या यशात शासनव्यवस्थेचा वाटा किती, आणि तो निवेदनात कोठे सांगावा? श्रोत्यांत काही सेवानिवृत्त अधिकारी आहेत. ते हा प्रश्न हमखास विचारतील.

गंधार_प

मुलाने सांगितले ते बरोबर आहे. १९७१ पासून कॅनडाच्या नभोवाणी नियामकाने व्यावसायिक केंद्रांना ठरावीक प्रमाणात कॅनेडियन संगीत वाजवणे बंधनकारक केले. लोकप्रिय संगीतासाठी हे प्रमाण आरंभी ३० टक्के होते, १९९९ पासून ते ३५ टक्के झाले. गाणे कॅनेडियन ठरवण्यासाठी चार बाबी पाहतात: संगीतकार, मुख्य कलावंत, सादरीकरणाचे किंवा मुद्रणाचे ठिकाण आणि गीतकार. यांपैकी किमान दोन कॅनेडियन असाव्या लागतात. याखेरीज १९८२ मध्ये स्थापन झालेली ‘फॅक्टर’ ही संस्था केंद्र सरकारच्या आणि खासगी प्रसारकांच्या पैशातून ध्वनिमुद्रण, दौरे आणि प्रसिद्धी यांसाठी कलावंतांना अर्थसाहाय्य देते. शेजारच्या अमेरिकेचा आवाज इतका मोठा आहे की हे कुंपण घातले नसते तर कॅनडाच्या केंद्रांवर कॅनडाच ऐकू आला नसता, हे त्यामागचे साधे कारण.

तरीही मेट्रिकच्या यशाचे श्रेय या नियमांना देणे मला पटत नाही. नियमामुळे देशात गाणे वाजते. देशाबाहेर ते वाजत नाही. ‘हेल्प, आय अ‍ॅम अलाइव्ह’ अमेरिकेच्या पर्यायी रॉक केंद्रांवरही चालले, आणि तेथे कॅनेडियन असण्याचा काडीचाही लाभ नव्हता. नियमांनी एवढेच केले की कॅनडात स्वतंत्र बँडना तग धरण्याइतकी जमीन मिळाली.

त्या जमिनीवर याआधी काय उगवले होते हेही सांगण्यासारखे आहे. १९९१ मध्ये टोरांटोजवळच्या स्कारबरोतील ‘बेअरनेकेड लेडीज’ या बँडने स्वतः काढलेली पाच गाण्यांची कॅसेट इतकी खपली की ती कॅनडात प्लॅटिनमचा मान मिळवणारी पहिली स्वतंत्र कॅसेट ठरली. त्या काळी अशा यशाचा पुढचा टप्पा ठरलेलाच होता: मोठ्या कंपनीशी करार. त्यांनी तो केला आणि त्यांची पुढची कारकीर्द उत्तम झाली. मेट्रिकचा प्रवास नेमका विरुद्ध दिशेचा आहे. आधी कंपन्यांच्या छत्राखालचे अल्बम, त्यानंतर स्वतःची कंपनी. या दोन उदाहरणांमधल्या अठरा वर्षांत संगीत व्यवसाय किती बदलला, हे तुमच्या सेवानिवृत्त अधिकाऱ्यांना नुसत्या या तुलनेवरून कळेल.

नियमांविषयी मधोमध, ‘फँटसीज’च्या यशाकडे वळण्यापूर्वी, दोन मिनिटे बोलावे. अधिक नको.

उत्तरवारा

गंधार_प यांच्या मांडणीत एक महत्त्वाचा घटक राहिला: मित्रमंडळ. एमिली हेन्स इटोबिको येथील कला-विद्यालयात शिकत असताना केविन ड्रू आणि एमी मिलन हेही तेथेच होते. पुढे ड्रू यांनी ‘ब्रोकन सोशल सीन’ हा मोठा, सतत आकार बदलणारा बँड उभारला, आणि त्याच्या २००२ च्या ‘यू फरगॉट इट इन पीपल’ या अल्बममध्ये हेन्स आणि शॉ दोघांचा सहभाग आहे. मिलन ‘स्टार्स’ या बँडमध्ये गेल्या. गायिका फाइस्ट यांचाही याच वर्तुळात वावर होता. ड्रू यांनी सहकाऱ्यासह ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ ही कंपनी काढली आणि या मंडळींपैकी अनेकांचे काम तेथून प्रकाशित झाले. एकमेकांच्या अल्बममध्ये गाणारे, एकमेकांच्या दौऱ्यात वाजवणारे हे लोक नसते तर एकट्या मेट्रिकचे पाय इतके घट्ट रोवले गेले नसते, असे मी ठामपणे म्हणेन. ‘अँथम्स फॉर अ सेव्हन्टीन-इयर-ओल्ड गर्ल’ हे ‘ब्रोकन सोशल सीन’चे गाणे हेन्स यांनी गायले आहे. त्यात बँजो आणि व्हायोलिन आहे, शब्दांची पुनरावृत्ती जवळजवळ नामजपासारखी चालते, आणि ज्येष्ठ मंडळींना ते सर्वांत जवळचे वाटेल, अशी माझी खात्री आहे. मला एकच गाणे निवडायला सांगितले तर मी हे निवडेन.

कोणी माँट्रिआलचा ‘आर्केड फायर’ सुचवील. त्यांचा ‘द सबर्ब्ज’ २०११ मध्ये ग्रॅमीचा सर्वोच्च अल्बम पुरस्कार मिळवून गेला, आणि तोही अमेरिकेतील ‘मर्ज’ या स्वतंत्र कंपनीकडून प्रकाशित झालेला. उदाहरण मोठे आहे, पण ते या बैठकीत आणू नये. दीड तासात दोन बँड बसत नाहीत.

मंद्रसप्तक

हे पटले, एकच बँड ठेवतो. ‘फँटसीज’नंतरचे काय ऐकवावे? आणि या अल्बमच्या यशाचे माप श्रोत्यांना कसे द्यावे?

तबकडी

माप द्यायचे तर २०१० च्या ‘जूनो’ या कॅनडाच्या राष्ट्रीय संगीत पुरस्कारांचे द्या. न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे झालेल्या त्या सोहळ्यात मेट्रिकला वर्षातील सर्वोत्तम बँडचा आणि ‘फँटसीज’ला सर्वोत्तम पर्यायी अल्बमचा पुरस्कार मिळाला. २००९ च्या पोलारिसच्या अंतिम यादीतही तो होता. स्वतःच्या कंपनीने काढलेला अल्बम राष्ट्रीय व्यासपीठावर बड्या कंपन्यांच्या अल्बमच्या बरोबरीने उभा राहिला, हे एवढे सांगितले तरी पुरे.

अल्बम कसा घडला हेही या टप्प्यावर सांगावे. दीर्घ दौऱ्यांनंतर हेन्स काही काळ ब्युनोस आयर्स येथे जाऊन राहिल्या आणि तेथे पियानोपाशी बसून गाणी लिहिली. शॉ यांनी टोरांटोत ‘जायंट’ हा स्टुडिओ उभारला. स्वतःचा स्टुडिओ असणे आणि स्वतःची कंपनी असणे या दोन्ही गोष्टी मला एकाच निर्णयाच्या दोन बाजू वाटतात. घड्याळाकडे पाहून तासाचे भाडे मोजत काम करावे लागले नाही म्हणून ‘फँटसीज’ची दहा गाणी इतकी निगुतीने घडली, आणि उत्तरवारा ज्याला घासूनपुसून तयार केलेले म्हणतात तो मला त्या मोकळेपणाचा परिणाम वाटतो.

नंतरच्या काळातून २०१२ चा ‘सिंथेटिका’ घ्यावा. पहिल्या स्वतंत्र अल्बमचे यश हा योगायोग नव्हता, हे या दुसऱ्याने सिद्ध केले. त्यातील ‘द वाँडरलस्ट’ या गाण्यात अमेरिकन रॉक गायक लू रीड यांनी आवाज दिला आहे. रीड त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. २०१३ च्या जूनोमध्ये ‘सिंथेटिका’ सर्वोत्तम पर्यायी अल्बम ठरला आणि शॉ यांना वर्षातील सर्वोत्तम निर्मात्याचा पुरस्कार मिळाला. मी मात्र त्यातले ‘ब्रीदिंग अंडरवॉटर’ सुचवीन. त्याची चाल पहिल्याच श्रवणात मनात बसते आणि स्वतः श्वास घेत गाणे शिकलेल्या लोकांना त्यातील लांब, सलग ओळींचा भरणा नक्की जाणवेल.

२०१५ चा ‘पेगन्स इन वेगस’ या बैठकीपुरता वगळला तरी चालेल. इलेक्ट्रॉनिक ध्वनीकडे तो इतका झुकला आहे की मूळ कथेपासून श्रोत्यांचे लक्ष दूर जाईल. २०२२ च्या ‘फॉर्मेंटेरा’ची सुरुवात करणारे गाणे दहा मिनिटांहून मोठे आहे. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या तुमच्या मंडळींना त्याची लांबी मुळीच जाचणार नाही, उलट दीर्घ रचनेत रॉक बँड टप्पे कसे बांधतो हे पाहायला आवडेल. वेळ उरला तर शेवटी तेच वाजवावे.

हिशेबनीस

एक व्यावहारिक सूचना. गाणी शक्य तर विकत घेऊन वाजवावीत. बँडच्या स्वतःच्या दुकानातून घेतली तर उत्तम. ज्या व्यवस्थेविषयी तुम्ही बोलणार आहात तिच्यात श्रोत्याने दिलेल्या पैशाचा मोठा वाटा बँडपर्यंत पोहोचतो, आणि मासिक वर्गणीच्या सेवांवरून एकेकदा ऐकलेल्या गाण्यातून पोहोचणारी रक्कम फार लहान असते.

मंद्रसप्तक

आता आराखडा असा धरतो: ‘हेल्प, आय अ‍ॅम अलाइव्ह’, त्यानंतर अडकलेल्या अल्बमची कथा आणि त्याचे शीर्षकगीत, नवी दिल्ली ते फेनेलॉन फॉल्स आणि पियानोवरील एक गाणे, मित्रमंडळ आणि ‘अँथम्स’, ‘डेड डिस्को’चे दृश्य, नभोवाणीचे नियम आणि मास्टरची मालकी यांवर थोडक्यात निवेदन, अकूस्टिक ‘गिमी सिंपथी’, ‘ब्रीदिंग अंडरवॉटर’, आणि वेळ असल्यास ‘फॉर्मेंटेरा’चे पहिले गाणे. उत्तरवारा आणि नीलमोहर यांची दोन्ही गाणी ठेवली आहेत. मुलांनाही काही भाग सोपवावा असे वाटते, कोणता द्यावा?

नीलमोहर

मुलांकडे ‘स्कॉट पिलग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड’ सोपवा. २०१० चा हा चित्रपट टोरांटोतच घडतो, टोरांटोतच चित्रित झाला आहे आणि कासा लोमा, लीज पॅलेस ही ठिकाणे त्यात ओळखू येतात, त्यामुळे मुले त्यावर हक्काने बोलतील. मेट्रिकचे ‘ब्लॅक शीप’ हे गाणे त्यात एका काल्पनिक बँडच्या तोंडी आहे आणि पडद्यावर ते अभिनेत्री ब्री लार्सन यांनी स्वतः गायले आहे. २०१० च्या ध्वनिमुद्रिकेत मेट्रिकचे रूप होते; लार्सन यांचे रूप अधिकृतपणे २०२१ मध्ये प्रकाशित झाले. मुलांनी दोन्ही रूपे लागोपाठ वाजवावीत आणि वडीलधाऱ्यांना विचारावे की कोणते अधिक आवडले व का. ‘डेड डिस्को’च्या दृश्यानंतर लगेच हा भाग घेतला तर पडदा पुन्हा मांडावा लागणार नाही.

मंद्रसप्तक

उत्तम. ‘डेड डिस्को’नंतर मुलांना वीस मिनिटे दिली आहेत.